एलएलबी सुरू व्हायला तीन महिने आहेत, तोवर लिखाणाचा पाया कसा पक्का करावा?

माळरान
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं. सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतेय. कॉलेज सुरू व्हायला साधारण तीन महिने आहेत. दहावीपर्यंत तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकले. बीएस्सीचे पेपर इंग्रजीत लिहिले, पण ती उत्तरं पाठ केलेली असायची. समीकरण, आकृती आणि खाली दोन ओळी. स्वतःच्या मनातलं पानभर लिहायची वेळ आली की हात थांबतो, मराठीतसुद्धा. सीईटीत सगळे प्रश्न पर्यायांचे, त्यामुळे तिथेही एक वाक्य लिहावं लागलं नाही.

वकिलीकडे का वळले तेही सांगते. मी बारावीत असताना आमच्या शेताचा रस्ता शेजाऱ्यांनी अडवला. बाबांनी तहसीलदारांकडे अर्ज केला. अर्ज एका माहितगार माणसाकडून लिहून घेतला होता. बाबांनी घरी आणून मला वाचायला सांगितलं. अख्खा अर्ज मिळून एकच वाक्य होतं. मी तीनदा वाचला, कळला नाही. बाबांची खाली सही होती आणि त्यांनाही कळला नव्हता. पुढे गावातल्या चार जाणत्यांनी मध्यस्थी केली, रस्ता खुला झाला. पण तो कागद माझ्या डोक्यातून गेला नाही. माणसाने ज्याच्यावर सही केली तो अर्ज त्याला समजायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तर या तीन महिन्यांत काय करू? इंग्रजी व्याकरण घोकू, क्लास लावू, की निबंध लिहू?

गोदाकाठ
अभिनंदन! रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचायचा, नवे शब्द वहीत उतरवायचे, आठवड्याला एक निबंध लिहायचा. माझ्या भाच्याने हेच केलं, त्याला फायदा झाला.

निशाणी_५
गोदाकाठ, अग्रलेख वाचायला हरकत नाही, पण सुरुवात तिथून करू नये असं माझं मत. तालुका कोर्टात बावीस वर्षं काढली त्यावरून सांगतो. अग्रलेख मत मांडायला शिकवतो. वकिलाला त्याआधी जे घडलं ते सांगता यावं लागतं, आणि नव्याने आलेल्या मुलांना नेमकं तेच जमत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ६, नियम २ वाच. कॉलेज सुरू व्हायची वाट बघू नकोस, आजच वाच. दाव्यात किंवा कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, काय असावं, तर आपण ज्यावर विसंबतो ती महत्त्वाची तथ्यं, थोडक्यात. ती शाबित करायचा पुरावा तिथे लिहायचा नाही. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे. जमेल तिथे एका परिच्छेदात एकच कथन ठेवायचं. तारखा, रकमा आणि संख्या अंकात आणि अक्षरातही लिहायच्या. लेखनाचा इतका नेमका धडा मला शाळेत कुणी दिला नव्हता.

रोजचा अभ्यास असा. त्या दिवशी डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग घे. बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून झालेलं भांडण चालेल. कोण, कुठे, कधी, काय केलं, एवढंच दहा ओळींत लिही. ‘मुद्दाम’, ‘उर्मटपणे’, ‘अन्यायाने’ असे शब्द वापरायचे नाहीत. वाचणाऱ्याला उर्मटपणा कृतीतून दिसला पाहिजे. एक महिना कर आणि पहिल्या दिवसाचं पान काढून बघ.

चहाची_टपरी
बसमधल्या सुट्ट्या पैशांचं भांडण विशेषणांशिवाय लिहिलं तर दहा ओळी व्हायच्या नाहीत, दोनच होतील!

निशाणी_५
दोन होऊ देत की. त्या दोनच न्यायाधीश साहेब वाचतात.

तिसरं_सत्र
मी सध्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. परीक्षेच्या बाजूने सांगते, कारण माळरानताईंची पहिली गाठ परीक्षेशी पडणार.

पेपरात एक काल्पनिक हकीकत देतात आणि विचारतात, अमुकची जबाबदारी येते का? पहिल्या अंतर्गत परीक्षेत मी चोरीची व्याख्या आणि सगळे घटक पाठ लिहून आले. वीसपैकी सात गुण मिळाले. मॅडमनी समासात एकच ओळ लिहिली होती, ‘सायकलचं काय झालं?’ प्रश्नात एकाने दुसऱ्याची सायकल न विचारता नेली होती आणि माझ्या दोन पानी उत्तरात सायकल हा शब्दच नव्हता.

मग त्यांनी चार पायऱ्या शिकवल्या. वादाचा मुद्दा कोणता, त्याला लागू नियम कोणता, तो नियम या हकीकतीला कसा बसतो, आणि शेवटी निष्कर्ष. तिसऱ्या पायरीवर सगळे घसरतात. आता मी नवा कायदा घेऊन बसते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, आणि एकेक घटक सायकलला लावून बघते. सायकल जंगम, म्हणजे हलवता येणारी, मालमत्ता आहे का? कुणाच्या ताब्यातून नेली? त्याची संमती होती का? नेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक होता, की तासाभरात परत आणून ठेवणार होता? प्रत्येक उत्तराला एक वाक्य. त्यापुढे आपोआप लिहिलं जातं.

हीच पद्धत सर्वोच्च न्यायालयानेही निकालपत्रांसाठी सुचवली आहे. २०२२ मध्ये स्टेट बँक विरुद्ध अजय कुमार सूद या प्रकरणात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल इतका दुर्बोध होता की तो रद्द करून प्रकरण परत पाठवलं. निकालपत्र कसं लिहावं, परिच्छेदांना क्रमांक का द्यावेत, यावरच त्यात बरीच चर्चा आहे. ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या ऑनलाइन संग्रहात फुकट वाचायला मिळतं. माळरानताईंनी कॉलेजच्या आधी एकच निकाल वाचायचा असेल तर हा वाचावा.

गोदाकाठ
सायकलचं उदाहरण आवडलं. माझा सल्ला मी अर्धा मागे घेतो. शब्दांची वही मात्र ठेवाच.

फोर्टची_लोकल
सगळं बरोबर, पण एक गोष्ट कुणी स्पष्ट सांगत नाहीये म्हणून मी सांगतो. इंग्रजीला पर्याय नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालतं. निकाल, कायद्यांवरचे भाष्यग्रंथ, संदर्भ, सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘तुझ्या भाषेत लिही’ म्हणून गोंजारलं जातं आणि पाच वर्षांनी ती मुलं मुंबईत मागे पडतात. मी स्वतः मराठी माध्यमाचा, कणकवलीकडचा. पहिली दोन वर्षं ऑफिसात सिनियर माझा मसुदा न वाचता बाजूला ठेवायचे, त्याचं दुःख मला माहीत आहे. तीन महिने पूर्ण इंग्रजीवर घालव.

निशाणी_५
तुमची तळमळ कळते, पण वकिली म्हणजे फक्त फोर्टातलं हायकोर्ट नव्हे. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या उच्च न्यायालयाखालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली. दावा, कैफियत, पुरशिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), प्रतिज्ञापत्र, सरतपास (आपल्या साक्षीदाराची मुख्य साक्ष), मी वर्षभर मराठीतच लिहितो. आणि इथली अडचण उलटी आहे. इंग्रजीत शिकून आलेली मुलं मराठी मसुदा करताना अडखळतात. मग दुसऱ्याच्या जुन्या दाव्यातले परिच्छेद उचलतात, नावं बदलतात, आणि एखाद्या ठिकाणी जुन्या वादीचं नाव तसंच राहतं. मी असा दावा दाखल झालेला पाहिलाय.

फोर्टची_लोकल
मान्य. पण तिला दोन्ही दारं उघडी हवीत ना?

निशाणी_५
हवीत. पण आधी विचार सरळ, मग भाषा. मराठीत वेडंवाकडं लिहिणारा इंग्रजीतही वेडंवाकडंच लिहितो.

पाटीपेन्सिल
मी वकील नाही. अठ्ठावीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. वरचं वाचून राहवलं नाही.

निशाणी_५ म्हणतात ते सरळपण कुठे बिघडतं ते मी वह्यांत रोज बघायची. एक म्हणजे सर्वनाम. ‘रमेशने सुरेशला सांगितलं की त्याच्या भावाने पैसे घेतले.’ कुणाच्या भावाने? वर्गात अर्धी मुलं एक सांगायची, अर्धी दुसरं. गोष्टीच्या पुस्तकात हे चालून जातं, पैशाच्या कागदात कसं चालेल? अशा वेळी नाव पुन्हा लिहावं. पुनरुक्ती झाली तर होऊ द्यावी.

दुसरं, कर्ता हरवतो. ‘रस्ता अडविण्यात आला’, ‘मारहाण करण्यात आली’, ‘नोंद घेण्यात आली’. कुणी? सरकारी पत्रांनी आपल्याला ही सवय लावली. प्रत्येक क्रियापदाला ‘कुणी’ असं विचारायचं आणि उत्तर वाक्यात नसेल तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

तिसरं, ‘असून’, ‘असल्याने’, ‘करून’, ‘त्यामुळे’ यांनी वाक्याला डबे जोडत जाणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य जितकं लांब, तितका वेळ वाचणाऱ्याला काय झालं ते कळण्यासाठी थांबावं लागतं. इंग्रजीत हा त्रास थोडा कमी, कारण क्रियापद लवकर येतं. म्हणून मराठी कायद्याच्या कागदात छोटं वाक्य जास्तच गरजेचं आहे.

आणि माळरान, तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये सगळी वाक्यं छोटी आहेत आणि प्रत्येकाला कर्ता आहे. हात थांबतो म्हणतेस, पण वडिलांचा प्रसंग सांगताना थांबला नाही. स्वतःला कमी लेखू नकोस.

माळरान
पाटीपेन्सिल मॅडम, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती खूश झाली. मनापासून धन्यवाद.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात तिसरीच तऱ्हा. कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, वाटणीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये, घरात बोलणं कोंकणीत, शाळा मराठीत, कोर्ट इंग्रजीत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा इथे अजून जिवंत आहे. माझ्या काकांकडे उमेदवारी करताना ते मला आधी कोंकणीत हकीकत सांगायला लावायचे. ‘आज्जीला सांगतोस तसं सांग.’ मी सांगायचो, ते मध्ये मध्ये विचारायचे, ‘मग?’ जिथे ‘मग?’ला उत्तर नसे तिथे माझ्या मसुद्यात भोक असे. माळरान, घरात कुणाला तरी ‘मग?’ विचारायला बसव.

चहाची_टपरी
आमच्याकडे हे काम बायको लग्नापासून करतेय, तिला फी द्यायला हवी.

जुनी_दप्तरं
थोडं अवांतर. पण भाषेचा विषय निघालाच आहे तर ‘सबब’, ‘मजकूर’, ‘इसम’, ‘दरखास्त’, ‘येणेप्रमाणे’, ‘लिहून देणार’ हे शब्द टाकून देऊ नका. खरेदीखतातलं ‘कारणे खरेदीखत लिहून देतो की’ वाचलं की मला आजोबांचा दस्त आठवतो. त्या शब्दांमागे शेकडो वर्षांचा व्यवहार आहे. ‘कैफियत’ म्हटलं की कोर्टातल्या शिपायालाही कळतं.

पाटीपेन्सिल
जो शब्द नेमकी गोष्ट सांगतो तो ठेवावा. ‘कैफियत’, ‘दरखास्त’, ‘चतुःसीमा’ हवेतच. ‘सदर’ आणि ‘नमूद’ मात्र दर ओळीत कशाला? ‘सदर इसमाने सदर ठिकाणी’ ऐवजी त्याचं आणि गावाचं नाव लिहा.

जुनी_दप्तरं
‘सदर’च्या बाबतीत हार मानतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मात्र जवळ ठेवा. इंग्रजी संज्ञेला ठरलेला मराठी शब्द असतो, प्रत्येकाने आपला वेगळा घडवला की गोंधळ होतो.

वेगवान_बोटं
माझा फुकटचा सल्ला: या तीन महिन्यांत मराठी टंकलेखन शिका. मी शासकीय परीक्षेची मराठी ३० शब्दांची पातळी पास झालो, त्याचा ज्युनिअरशिपमध्ये रोज उपयोग झाला. दुसऱ्याला सांगून टाइप करून घेताना वाक्य सुधारायचा संकोच वाटतो. स्वतःच्या बोटांनी लिहिलं की दहादा खोडता येतं.

नवा_सभासद_७
आता हे सगळं कशाला? एआयला सांगितलं की दोन मिनिटांत दावा तयार. शिकायचंच असेल तर त्याला प्रश्न विचारायला शिका.

फोर्टची_लोकल
२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. यंत्राने लिहिलेलं बरोबर की चूक हे ओळखायलाही स्वतःला लिहिता आणि वाचता यावं लागतं. आणि तिच्या बाबांच्या शेताचा रस्ता कुठून कुठे जातो, हे यंत्राला कुठून कळणार?

तिसरं_सत्र
फोर्टची_लोकल +१. शिवाय ‘ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंग’ हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे त्यात पंधरा मसुदे दाव्या-अर्जांचे, पंधरा दस्तांचे, प्रत्येकी ४५ गुण, आणि १० गुण तोंडी. तोंडीला ‘हे वाक्य इथे का?’ असं विचारतात.

फोर्टची_लोकल
मी वर जरा ताठर बोललो. इंग्रजीसाठी मला जे खरंच उपयोगी पडलं ते सांगतो. संविधान सभेतलं बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. ते आधी सांगतात की राज्यघटनेवर टीका कोणत्या गोटांतून होते आहे. मग कोणाचा आक्षेप काय, तो पूर्ण मांडतात, आणि मगच उत्तर देतात. विरोधकाचं म्हणणं तोडून-मोडून घेत नाहीत. मी रोज एक परिच्छेद मराठीत उतरवायचो, दुसऱ्या दिवशी मूळ न बघता तो परत इंग्रजीत करायचो आणि ताडून पाहायचो. माझी वाक्यं दुप्पट लांब असायची. तीन महिन्यांत फरक पडला. या पद्धतीत मराठीही सुटत नाही, निशाणी_५ साहेब.

निशाणी_५
याला माझं शंभर टक्के अनुमोदन. त्यात एकाची भर. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्याच आदेश ८ चे नियम ३, ४, ५ वाच. प्रतिवादीने नाकारायचं कसं, ते तिथे आहे. वादी म्हणाला, ‘याने माझ्याकडून दहा हजार घेतले’, तर ‘मी दहा हजार घेतले नाहीत’ एवढं म्हणून भागत नाही. त्याचा अर्थ नऊ घेतले असाही होतो. ‘ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही’ असं म्हणावं लागतं, किंवा किती घेतले ते सांगावं लागतं. जे नेमकेपणाने नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरलं जातं. माझ्याकडचे ज्युनिअर पानभर ‘खोटे, लबाडीचे, मान्य व कबूल नाही’ लिहितात आणि मुद्द्याची एक ओळ नाकारायची राहून जाते. पक्षकाराची जमीन त्या एका ओळीने जाऊ शकते.

माळरान, दहा दिवस झाले. काही लिहिलंस का? इथे टाक.

माळरान
लिहिलंय, वकीलकाका. बाबांचाच प्रसंग घेतला. आधी जुन्या अर्जातलं ते वाक्य देते, आता अर्थ लावून वाचलं म्हणून:

‘पूर्वापार वहिवाटीचा रस्ता असून सदर रस्ता सामनेवाले यांनी जाणूनबुजून व दुष्ट हेतूने काट्या टाकून अडविण्यात आला असल्याने अर्जदारास अतोनात त्रास होत असून त्याने वारंवार विनंती करूनही त्याने दुर्लक्ष केले असल्याने सदर अर्ज दाखल करणे भाग पडले आहे.’

मॅडमनी सांगितलेलं सगळं यात आहे. दोन ‘त्याने’ दोन वेगळी माणसं आहेत. ‘सामनेवाले यांनी’ आणि ‘अडविण्यात आला’ एकमेकांशी जुळत नाहीत. रस्ता कुठे आहे ते कुठेच नाही. आता माझं:

१. अर्जदार ‘अ’ यांचं शेत ओढ्याच्या पूर्वेला आहे. गावच्या डांबरी सडकेवरून शेतात जायला एकच रस्ता आहे. तो सामनेवाले ‘ब’ यांच्या शेताच्या दक्षिण बांधावरून जातो. त्याची रुंदी ८ (आठ) फूट आहे.
२. ‘अ’ या रस्त्याने बैलगाडी आणि ट्रॅक्टर नेतात.
३. दिवाळीच्या सुमारास ‘ब’ यांनी रस्त्याच्या सडकेकडच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. त्या दिवसापासून ट्रॅक्टर आत जात नाही.
४. ‘अ’ यांनी ‘ब’ यांना काट्या काढायला सांगितलं. ‘ब’ यांनी काट्या काढल्या नाहीत.

पाटीपेन्सिल
शाब्बास! मी लाल पेन खाली ठेवलं.

निशाणी_५
छान. पण मी अजून ठेवत नाही. ‘दिवाळीच्या सुमारास’ म्हणजे कधी? रस्ता अडवल्याचा अर्ज तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली होतो, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. पाच-सहा दिवसांचा सण, त्यात ‘सुमारास’. एका दिवसाने मुदत हुकू शकते. तारीख शोधून आण.

माळरान
बाबांना आठवेना. आईला आठवलं. वसुबारस होती. ती गाय ओवाळत होती आणि बाबा ट्रॅक्टर घेऊन अर्ध्या वाटेतून परत आले. मी २०२१ ची दिनदर्शिका बघितली.

३. दि. ०१/११/२०२१ (एक नोव्हेंबर दोन हजार एकवीस) रोजी ‘ब’ यांनी रस्त्याच्या सडकेकडच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या.

जुन्या अर्जात ही तारीख कुठेच नव्हती.

निशाणी_५
आता हा परिच्छेद दाखल करण्याजोगा झाला. पुढचा अभ्यास: ‘ब’ यांची कैफियत लिही. आदेश ८ डोळ्यांपुढे ठेवून.

माळरान
बाबांच्या विरुद्ध?

निशाणी_५
हो. आणि ‘ब’ यांना वाचून दाखवली तर ते म्हणाले पाहिजेत, ‘बरोबर, माझं म्हणणं हेच होतं.’

मांडवीकाठ
आणि आईला ‘मग?’ विचारायला बसव.

माळरान
दोन दिवस लागले. मुद्दा १ वरच अडकले होते. रुंदी नाकारायची तर ‘ब’ नक्की काय म्हणतील ते कळेना, म्हणून आईला विचारलं. तिने ‘मग?’ म्हणायच्या आधीच सांगितलं, ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे पायवाट होती, डोक्यावर भारा घेऊन एक बाई जाईल एवढी. बाबांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून बांध दोन्ही बाजूंनी खचत गेला.

१. रस्त्याची रुंदी ८ (आठ) फूट आहे, हे सामनेवाले नाकारतात. तिथे पायवाट होती. अर्जदार यांच्या ट्रॅक्टरमुळे ती रुंद झाली आणि सामनेवाले यांच्या शेताचा दक्षिण बांध खचला.

हे मी बाबांना अजून वाचून दाखवलेलं नाही. संध्याकाळी शेतावरून आले की दाखवते.